आपाचं रक्त

रामवाडीच्या एसटी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर बहीण-भाऊ बसले होते. भावाचे डोळे पिवळेधमक झाले होते.

"आपा, तू घरी जा. मला मुंबईचं ऑपरेशन नको."

"का रे, इलियास?"

"दोन वर्षांपूर्वी माझ्या रक्ताच्या कॅन्सरला तू तुझ्या रक्त बनवणाऱ्या पेशी दिल्यास. आता लिव्हरचा तुकडा पण तुझाच? किती घेऊ गो तुझ्याकडून?"

"माझ्याच पेशींनी तुझं लिव्हर परकं समजून खराब केलं. मला झोप लागत नाय."

"येडी हायस काय? त्या पेशी नसत्या तर मी आज बोललो असतो का तुझ्याशी?"

"मग ऐक. डॉक्टर म्हणाले, तुझ्या अंगात आता माझंच रक्त हाय. दुसऱ्या कुणाचं लिव्हर त्याला परकं वाटेल, माझं वाटणार नाय."

"आणि तुला काय झालं तर? तुझी अफिफा लहान हाय अजून."

"तिनंच पाठवलंय मला. म्हणाली, मामूला बरं करूनच ये."

मुंबईची गाडी लागली, तसा इलियास उठला.

"ती बॅग इकडं दे, आपा."

"जड हाय रे. तुला झेपणार नाय."

"मग एक बंद तू धर, एक मी धरतो."