दार वाजवणारा

— नाही, नाही, ते ड्रिल आधी खाली ठेवा भाऊ. बेल माझ्या लेकीला हवीय, मला नकोय. वर लाल दिवाही पेटणार म्हणे — घर आहे की स्टेशन? तिला तिकडून फोनवर बोलायला काय जातंय — आईला दार वाजलेलं कळत नाही! कळतं मला. तुम्ही आलात तेव्हा? तेव्हा मी कुकरपाशी होते — बरं, कुकर नव्हता लावला, पण आत होते. आणि असं खाली बघून बोलू नका, तोंड इकडे करून बोला.

माझ्या मुलाचं नाव तारिक. अर्थ माहितीय? आमचे हे अरबी शिकवायचे, त्यांनीच ठेवलं. मूळ शब्द ठोकण्याचा — जुन्या काळी वाटसरू रात्री उशिरा पोचायचा, दारं बंद झालेली, मग ठोठावायचा — म्हणून रात्री येणारा तो तारिक. पहाटेच्या ताऱ्यालाही तेच म्हणतात. मी म्हटलं, काहीतरी सोपं ठेवा — तर म्हणाले, अगं, पोटात असल्यापासून ठोकतोय, नाव घेऊनच आलाय तो! — हसलात? मीही हसले होते. मोठा झाला, तरी दार सताड उघडं असलं तरी चौकटीवर दोनदा टकटक करूनच आत यायचा.

मग बापलेकांचं बिनसलं. कशावरून ते — जाऊ द्या, दमले मी सांगून सांगून. पण ज्यांनी नाव ठेवलं, तेच म्हणाले, पुन्हा या दाराला हात लावायचा नाही. आता हेही राहिले नाहीत, तरी तो — तो बेल नाही दाबणार हो. टकटकच करणार. म्हणून मी कान देऊन असते, रात्र रात्र. फक्त परवा शेजारीण म्हणाली, कुणीतरी बराच वेळ तुमचं दार वाजवून गेलं — कोण ते तिनं बघितलं नाही. मीटरवाला असेल. असेल ना?

हे बघा, तुम्ही बाहेर जा. दार ओढून घ्या आणि माणूस वाजवतो तसं वाजवा. मी आतून ओ देते, मग बेल उचला आणि चालू लागा. जा.

लावलंत? हं, वाजवा आता. — वाजवा ना भाऊ. — अहो, किती वेळ —

ही दाराची साखळी का हलतेय?