न दाबलेले सहा काटे

नांदेड, बुधवार, दिनांक १३ मार्च २०१९

मी, राघवेंद्र गुंडेराव कोंडलवाडीकर, वय ४५ वर्षे, व्यवसाय नोकरी (महाविद्यालयात ग्रंथपाल), राहणार भाग्यनगर, नांदेड.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, हवालदार विशाखा सोनकांबळे यांनी विचारल्यावरून सांगतो ते असे. मी रोजनिशी लिहितो. खालच्या वेळा तिच्यातून सांगत आहे. जिथे वेळ नक्की नाही तिथे तसे म्हटले आहे.

मयत वीरेश गुरुपादप्पा हालकुडे, वय ४६, धंदा हार्डवेअरचे दुकान, मूळ राहणार औसा, हा माझा कॉलेजपासूनचा मित्र होता. आम्ही एकमेकांना अरे-तुरे करत असू, म्हणून जबाबातही मी त्याला 'तो' म्हणत आहे. त्याच्या घरी पत्नी मंजुश्री आणि मुलगी शिवकन्या, वय १८, अशा दोघी आहेत. शिवकन्या लातूरला वसतिगृहात राहून मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा क्लास करते. तिचे हे दुसरे वर्ष आहे.

गेली चार वर्षे आम्ही दोघे बहुतेक रविवारी सकाळी गोदावरीवरच्या धरणाच्या फुगवट्यावर, भोईटाकळी शिवारात, मरळ मासा धरायला जात असू. वीरेश लिंगायत, मी ब्राह्मण. दोघांच्याही घरी मांसमच्छी चालत नाही आणि आम्हीही खात नाही. धरलेला मासा आम्ही मोजून परत पाण्यात सोडत असू. घरी दोघांनीही फिरायला जातो असे सांगितले होते. काठ्या, रीळ, पेटी असे सगळे सामान ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत माझ्या कुलपात असे. हे लपवण्यासारखे होते का, याचा मी या तीन दिवसांत विचार केला. तेव्हा केला नव्हता.

काठावर जाळी टाकणारे हणमंत पिराजी आम्हाला ओळखतात. ते म्हणत, "तुम्ही लोक खाईनात, विकीनात. मग त्या जिवाला कशाला छळता? भांडण हाय काय त्याच्यासंगं?" वीरेश म्हणे, "भांडण न्हाई हणमंता, वळख ठिवायलोत." यावर दोघेही हसत.

आम्ही जिवंत आमिष वापरत नाही. बोटाएवढा, पाण्यावर तरंगणारा प्लास्टिकचा नकली मासा वापरतो. दोरीला हिसका दिला की तो तोंडाने पाणी उडवतो, आणि खालून मरळ त्याच्यावर झेप घेते. त्याच्या पोटाला एक आणि शेपटीला एक असे दोन गळ असतात. प्रत्येक गळाला तीन तोंडे. कंपनीकडून येणारे गळ बारीक तारेचे आणि मऊ असतात. दिनांक १७ फेब्रुवारी रोजी वीरेशला लागलेली मोठी मरळ काठापासून दोन हातांवर सुटली. गळ पाहिला तर टाचणीसारखा सरळ झाला होता. तो गळ त्याने शर्टाच्या खिशात ठेवला आणि आठवडाभर दुकानात येईल त्याला दाखवला. कशाचा आहे हे मात्र कोणाला सांगितले नाही.

गळ बदलण्याचे काम मी अंगावर घेतले. हैदराबादहून जाड तारेचे, एक नंबर मोठे गळ मागवले. गळ जड झाले की नकली माशाची शेपटी बुडते आणि तो नीट चालत नाही. म्हणून भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर जुने आणि नवे गळ तोलले. जुना १.४ ग्रॅम, नवा २.१ ग्रॅम. बादलीत तरंगवून पाहिले. मग शेपटीचा गळ एक नंबर लहान घेतला. गळ जोडायच्या कड्याही जाड घातल्या. या कामात दोन रविवार गेले आणि मला त्यात फार समाधान वाटले, हे सांगणे आवश्यक आहे.

गळाच्या टोकाजवळ एक उलटा काटा असतो. त्यामुळे आत गेलेले टोक मागे येत नाही. आम्ही मासा सोडून देत असल्याने प्रत्येक नव्या गळाचे उलटे काटे पक्कडीने दाबून सपाट करण्याची आमची रीत होती. दाबलेला गळ माशाच्या तोंडातून आणि माणसाच्या बोटातूनही अलगद निघतो. या वेळी वीरेश म्हणाला, "ह्या खेपेला राहू दे राघू. एकदा तिला काठाला येऊ दे. टेपनं मोजतो, मग बस." मी ते मान्य केले. दोन गळांचे मिळून सहा काटे होते. पक्कड माझ्या हातात होती.

रविवार दिनांक १० मार्च रोजी सकाळी ५:५० वाजता वीरेश मोटारसायकलवर माझ्या घराच्या कोपऱ्यावर आला. ६:३५ ला आम्ही काठावर पोहोचलो. वाटेत तो शिवकन्येविषयी बोलला. बुधवारी तो लातूरला पालकांच्या सभेला गेला होता. तिथे तिचे मार्क वाचून दाखवल्यावर तो तिला सगळ्यांसमोर म्हणाला होता, "तुझ्यापेक्षा दुकानातला काटा बरा, जेवढं टाकलं तेवढं दाखवतो." ती काही बोलली नाही, वर खोलीत निघून गेली. वसतिगृहात मुलींचे फोन काढून ठेवतात. रविवारी टेस्ट सुटल्यावर दुपारी बारा ते दोन एवढाच वेळ देतात. वीरेश मला म्हणाला, "चारचौघांत बोललो रे. लई चुकलं." आणि पुढे म्हणाला, "बाराच्या आत घरी पोचव मला. बाराला तिच्या हातात फोन येतोय." हे त्याचे शब्द आहेत. फोनवर काय बोलणार हे त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. तो उदास होता का, असे मला विचारण्यात आले. होता. पण काठ्या जोडताना त्याने मला विचारले, "तू पुस्तकं सांभाळतोस का लोहारकी करतोस? हे गळ हायत का म्हशीचं दावं बांधायचे आकडे?" तेव्हा तो हसत होता.

सुमारे ७:०५ वाजता वीरेशने बुडालेल्या वेड्या बाभळीच्या दोन खुंटांमध्ये नकली मासा फेकला. तिसऱ्या हिसक्याला मरळ उसळली, पण हुकली. त्याने जोरात काठी ओढली आणि शेपटीचा गळ खुंटाच्या मुळीत, पाण्याखाली अडकला. काठापासून अंतर साधारण वीस-पंचवीस फूट. असे पूर्वी अनेकदा झाले होते. अशा वेळी दोरी हाताला गुंडाळून ओढले की मऊ गळ सरळ होऊन निघून येई. या वेळी आम्ही दोघांनी मिळून ओढले. गळ सरळ झाला नाही. दोरी विणलेली असल्याने तुटली नाही.

मी म्हणालो, "काप दोरी. दुसरा करून देतो." तो म्हणाला, "दोन रविवार घातलेस तू ह्याच्यात. थांब." यावर मी पुन्हा कापायला सांगितले नाही. मलाही तो परत हवा होता.

त्याने शर्ट आणि बनियन काढून घडी केली, वर मोबाइल ठेवला, आणि पॅन्टवर पाण्यात उतरला. त्याला चांगले पोहता येत होते. औशाच्या विहिरीत शिकला होता. दोरी चाचपत गळापर्यंत जाता यावे म्हणून त्याने मला दोरी ताठ धरायला सांगितले. पाणी त्याच्या छातीपर्यंत होते, तळाला चिखल होता. त्याने डाव्या हाताने खुंट धरला आणि उजवा हात पाण्याखाली घातला. मी दोरी ताठ धरली होती, किंचित ओढतही होतो. १९९३ च्या भूकंपानंतर आम्ही दोघे वसतिगृहातून औसा तालुक्यात मदतीला गेलो होतो. अडकलेल्या माणसाला ओढायचे नाही, आधी भोवतालचे काढायचे, हे तिथे जवानांनी आम्हाला शिकवले होते. दोरी हातात असताना मला ते आठवले नाही.

दोरी एकदम बोटभर माझ्याकडे आली आणि थांबली. वीरेशने तोंडाने श्वास ओढल्याचा आवाज झाला. पोटाचा गळ त्याच्या अंगठ्याखाली मांसात घुसला होता, आणि शेपटीचा मुळीतच होता. हात मुळीला बांधल्यासारखा झाला. तो म्हणाला, "ढील दे." मी ढील दिली. त्याने हात सोडवण्याचा प्रयत्न केला. त्यात पाय घसरला. खुंटाच्या पलीकडे जुन्या ओढ्याचा खड्डा होता, हे नंतर हणमंत यांनी सांगितले. हात खाली अडकल्यामुळे त्याची हनुवटी पाण्याला लागली. तो म्हणाला, "पक्कड आण."

मी पक्कड घेऊन पाण्यात शिरलो. मला पोहता येत नाही, आणि मी त्याच्यापेक्षा वीतभर बुटका आहे. पाणी गळ्याशी आल्यावर मी थांबलो. 'मी थांबलो' असेच लिहावे, 'थांबावे लागले' असे लिहू नये. त्याच्यात आणि माझ्यात सहा-सात फूट अंतर होते. मी पक्कड फेकली. ती त्याच्या खांद्याच्या हातभर अलीकडे पडली आणि बुडाली. तो माझ्याकडे पाहत होता. रागाने नाही. म्हणाला, "हणमंताला बोलव." त्यानंतर त्याचे बोलणे मी ऐकले नाही.

मी काठावर येऊन वळणापर्यंत पळालो. हणमंत त्यांच्या थर्माकोलच्या तराफ्यावर जाळे काढत होते. आम्ही परत आलो तेव्हा माझ्या घड्याळात ७:३१ झाले होते. पाण्यावर वीरेशचे डोके दिसत नव्हते. हणमंत यांनी उडी मारून, दोरी कापून, हात हिसडून त्याला वर काढला. गळ आणि नकली मासा मुळीतच राहिला. हणमंत यांनी छाती दाबली. मीही दाबली. १०८ नंबरची गाडी ८:१० ला आली. डॉक्टरांनी तपासून मयत सांगितले.

मयताचे भाऊ संगप्पा हालकुडे मला दवाखान्यात म्हणाले, "आमच्यात अंड्याला शिवत न्हाईत. माझा भाऊ मासे धरायला गेल्ता म्हणता? कपडे घडी घालून, वर मोबाइल ठिवून पाण्यात कोण उतरतं, सर, हे आम्हाला कळत न्हाई व्हय? तुम्ही पडदा टाकू नका." मंजुश्री वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बुधवारपासून ते नीट जेवले नाहीत. मला खरं सांगा." मी खरे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. शिवकन्येला तिच्या चुलत्यांनी लातूरहून आणले. ती दोन दिवस एवढेच म्हणत आहे की त्या दिवशी मी पप्पांना उलट बोलले असते तरी चाललं असतं, मी गप्प बसले म्हणून ते गेले.

पंचनाम्यात उजव्या तळहाताला फाटलेली जखम एवढीच नोंद आहे. नकली मासा सापडलेला नाही. सोमवारी मी हणमंत यांना घेऊन तिथे गेलो. वरून पाणी सोडल्याने पातळी वाढली होती आणि खुंट दिसत नव्हते. हणमंत दोनदा बुडी मारून आले आणि म्हणाले, "गढूळ हाय सर. हाताला काय लागंना. पाणी उतरल्यावर बघू." पाणी मे महिन्यात उतरते. मुलीची परीक्षा ५ मे रोजी आहे. बुड्या मारणारे पथक मिळावे असा अर्ज मी काल दिला आहे. मृत्यूविषयी शंका नसेल तर त्याची गरज नाही, असे मला सांगण्यात आले. शंका घरच्यांना आहे, असे मी सांगितले. त्यावर मंजुश्री वहिनींनी तसे लेखी द्यावे लागेल असे उत्तर मिळाले. त्यांना हे कसे विचारावे हे मला कळत नाही.

म्हणून माझ्याकडे जे आहे ते जमा करत आहे : कंपनीचा काढलेला एक मऊ गळ, नव्या गळांचे उरलेले पाकीट, आणि वजने लिहिलेले रोजनिशीचे पान. पाकिटातल्या गळांचे काटे दाबलेले नाहीत, ते पाहून घ्यावे. वीरेशने जीव दिला नाही. त्याला मी बसवलेल्या गळाने धरून ठेवले. माझ्यावर कारवाई होते का, असे मी विचारले. हवालदार बाई म्हणाल्या, "सर, गळ बदलणं हा गुन्हा नाही."

यापुढचे वाचनानंतर जोडले आहे. हा जबाब वाचून दाखवताना शिवकन्या दाराशी बाकावर बसली होती. तिला ऐकू द्यावे असे मीच सुचवले. तिच्याविषयीचा भाग आला तेव्हा ती उठून टेबलाजवळ आली. शेवटी एक वाक्य होते : 'मयतास वाचविण्याचा मी सर्वतोपरी प्रयत्न केला.' ते मी सांगितले नव्हते. प्रत्येक जबाबात असतेच, असे हवालदार बाई म्हणाल्या. माझ्या विनंतीवरून ते खोडले असून बाजूला मी सही केली आहे.

पेन माझ्या हातात असताना शिवकन्या म्हणाली, "काका, ते बाराच्या फोनचं खोडणार नाही ना?"

मी नाही म्हणालो.

"तुम्हाला नक्की आठवत नसलं तरी राहू द्या."

मला नक्की आठवते, असे तिला सांगितले. तिने हवालदार बाईंना तेवढा भाग पुन्हा वाचायला सांगितला. तो दोनदा वाचला गेला.

वरील सर्व मजकूर मी कानांनी ऐकला. खोडलेले वाक्य सोडून तो मी सांगितला तसाच उतरला आहे.

सही : रा. गुं. कोंडलवाडीकर
समक्ष : वि. सोनकांबळे, पोलीस हवालदार