अर्धा पहिलवान, अर्धा वैद्य

आमच्या धरमपेठच्या पंकजची अक्कल सांगतो तुमाले. ऑनलाइन गेममध्ये आम्ही पाच जण महिनाभरापासून एका राक्षसाच्या मागं लागलो होतो. प्रत्येकाचं काम ठरलेलं. पंकजले म्हटलं, "तू वैद्य हो गा, आमच्या जखमा भर." तर यानं पात्र घेतलं अर्धा पहिलवान, अर्धा वैद्य. म्हणे, "माणसाले दोन्ही यायले पाहिजे!"

लढाई लागली. मी हेडफोनमध्ये ओरडलो, "पंक्या, जखम भर, मी मरून राहिलो!"

"थांब गा, मी तलवार चालवून राहिलो!"

आम्ही चौघंही खलास. मग याच्यातला वैद्य जागा झाला, तोही स्वतःपुरता. राक्षसानं हाणलं की याची जखम आपोआप भरे. अन् याच्या तलवारीनं राक्षसाले खरचटेही ना. हा मेल्याशिवाय आम्हाले नवीन डाव लावता येईना. अर्धा तास आम्ही चौघं मुडदे त्याच्या हातापाया पडून राहिलो, "मर ना बे एकदाचा!"

"तलवार टाकून उभा आहो, मरून राहिलो ना गा!"

तेही त्याच्यानं धड झालं नाही.