दोन्ही अंतरं तंतोतंत

डोळ्यांच्या दवाखान्यात माझा नंबर लांब होता. मागच्या बाकावर आई आणि लेक बोलत बसल्या होत्या.

"आई, उद्या सगळ्यांसमोर निकाल मांडायचाय. दीर्घिकांच्या पुंजक्यांची अंतरं आम्ही दोन पद्धतींनी काढली. एकदा तिथे फुटलेला तारा किती मंद दिसतो त्यावरून, एकदा पुंजक्यातल्या तापलेल्या वायूवरून."

"दोनदा कशाला?"

"एकीत चूक असली तर दुसरीनं पकडावी म्हणून."

"मग पकडली?"

"चूकच नाही. दोन्ही अंतरं तंतोतंत जुळली, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत."

"हं. तुझे बाबा आणि काका त्या दिवशी उशिरा आले, आठवतंय? मी दोघांना वेगवेगळं गाठून विचारलं. दोघंही म्हणाले, सात वाजून बारा मिनिटांनी टायर पंक्चर झाला."

"मग?"

"खरं बोलणाऱ्यांचं पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे होतंच गं. तिथेच कळलं मला, दोघं जिन्यात ठरवून आलेत."

"आई, आमचं काम शास्त्रीय असतं."

"असेल बाई."

लेकीनं सहकाऱ्याला फोन लावला.

"हॅलो, ती वायूवरची अंतरं तूच मोजलीस ना रे? एकही नाही? म्हणजे अडलं म्हणून सगळी ताऱ्यांच्या तक्त्यातून उचललीस?"

"काय गं, काय म्हणतोय तो?"

"बाबा आणि काका."

"मग आता त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसव."