पुण्याहून आलेला तज्ज्ञ

तज्ज्ञ लोकांचा विषय निघालाच आहे, तर आमच्या मुरुम गावचं ऐका. तिथल्या डाळमिलच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर मी कधीकाळी सी प्लस प्लसमध्ये लिहिलं होतं. ते नव्या कॉम्प्युटरवर चढवायला मालक बसवराजअण्णांनी पुण्याहून एक तज्ज्ञ बोलावला. मी पोचले तेव्हा काटा सकाळपासून बंद होता आणि बाहेर भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती.

"कुठल्या गाढवानं लिहिलाय हा कोड?" तज्ज्ञानं मलाच विचारलं. "नव्या स्टँडर्डचा फ्लॅग दिला तरी कंपायलर मानत नाही. सगळं परत लिहायचं म्हणजे दोन महिने जातील."

"त्या गाढवाला जरा बसू द्या खुर्चीवर," मी म्हणाले.

कंपायलर म्हणजे लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम; त्याला सूचना देणारी फाइल मी उघडली. साहेबांनी पहिल्या ओळीत दोन हजार सतराचं स्टँडर्ड, म्हणजे भाषेची नवी नियमावली, मागितलं होतं, आणि शेवटच्या ओळीत माझं जुनं अठ्ठ्याण्णवचं तसंच बसलं होतं. दोन सांगितली की कंपायलर शेवटचं ऐकतो. या महाशयांनी फाइल खालपर्यंत वाचलीच नव्हती!

मी ती शेवटची सूचना, म्हणजे जुना फ्लॅग, खोडला, नव्या स्टँडर्डला न चालणारा एक शब्द कोडमधून काढला, आणि पाच मिनिटांत पहिला ट्रॅक्टर काट्यावर चढला.

तज्ज्ञ म्हणतो, "मी आता तेच करणार होतो."

अण्णा म्हणाले, "मग सकाळधरनं काय मुहूर्त बघत होता व्हय?"