आज धडा, उद्या दाढ

दाताच्या दवाखान्यात आजोबा तोंडावर रुमाल धरून बसले होते. आपला नंबर सर्वांत शेवटी यावा, एवढीच त्यांची इच्छा होती. शेजारी नणंद-भावजयीची जुंपली होती.

"वहिनी, धड्याचा व्हिडिओ दुसऱ्या शाळेतल्या बाईंचा. त्यात तू कशाला हात घालतेस?"

"त्यांनीच सुरुवातीला लिहिलंय, घ्या, बदला, वाटा. पैसेही नकोत."

"मग आहे तसा दाखव की!"

"अगं, माझ्या वर्गातल्या मुलांना ऐकू येत नाही. तोच धडा मी हातांच्या खुणांनी सांगतेय. परवा त्यांची विज्ञानाची परीक्षा आहे."

"सांग ना. पण आधी दाढ काढ."

"सुई टोचली की ओठ वाकडे होणार. मुलं खुणांबरोबर ओठही वाचतात."

"रात्रभर कळवळत होतीस, म्हणून तर तुला इथे ओढत आणलं!"

"ठणकू दे. आज धडा, उद्या दाढ. आणि झाला की मीही तो सगळ्यांसाठी खुला ठेवणार."

"हट्टी आहेस हं."

"तुमच्या घरात आल्यापासून."

आतून वहिनीचा नंबर पुकारला. ती उठली आणि आजोबांकडे वळली.

"काका, माझ्याऐवजी तुम्ही जाता?"

आजोबांनी आतल्या दाराकडे पाहिलं. मग रुमालाची नीट घडी करून तो खिशात ठेवला.

"जातो," ते म्हणाले. "तुम्ही निघा, मुलं थांबली असतील."