कूलर चावते

हॅलो?

हां, आकांक्षा, बोल ना… हाव, अंकितभाऊ इथंच आहेत. आमच्या अंगणात. कूलरच्या तिन्ही बाजूच्या वाळ्याच्या ताट्या काढून भिंतीले लावल्या, जुना पंप बाहेर काढला, आणि आता…

काय?

त्यांनी तुले फोन केला? आत्ता? … अच्छा. म्हणजे मघाशी "गाडीतून पकड आणतो" म्हणून फाटकाबाहेर गेलते, ते तुले फोन कराले. पकड तर त्यांच्या खिशातच होती. मी पाह्यली ना.

काय म्हणाले? … "तुझी मैत्रीण डोक्यावर बसून आहे." … डोक्यावर नाई वं. खुर्चीवर बसून आहे. दोन हात लांब. … बरं, दीड.

हो, हो… अगं ऐक ना. ऐक तर. मी त्यांना हे काऊन, ते काऊन, काही विचारून नाई राह्यली. एकच वाक्य बोलली, ते पुढं सांगते. मोबाइलवर शूटिंग नाई करून राह्यली. … असे गिऱ्हाईक असतात? शूटिंग करणारे? … आणि स्क्रू मोजणारे? … हिंगणघाटचे कोणी आजोबा कूलरच्या आत मुंडकं घालून बसले, बाहेरच निघेनात? मग? … मग अंकितभाऊंनी त्यांच्याच हातात पंख्याचं पातं दिलं धराले. हा हा. बरोबर केलं.

पण मी तशी नाई ना.

हाव, मले समजते. कोणी पाह्यत असलं की हात चुकते. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलले बाहेरचे सर मागं येऊन उभे राह्यले, तर तुझ्या हातून बीकर पडलाच होता. मले काही सांगू नको. … तरी मी इथून उठणार नाई, आकांक्षा. तू मैत्रीण म्हणून सांग, नाई तर मिस्त्रीची बायको म्हणून सांग.

नाई, राग नाई. … त्यांच्यावर भरोसा नाई असं नाई वं. चांगलं काम करतात म्हणूनच तर बोलावलं. पुऱ्या वर्ध्यात या उन्हात कूलरवाला सापडत नाई, सगळ्यांचे फोन बंद, हे तुझ्या शब्दाखातर आले. मले जाणीव आहे त्याची.

जातील? जातील म्हणजे? … सेवाग्रामचं गिऱ्हाईक वाट पाहून राह्यलं म्हणून आमचा कूलर असा उघडा टाकून जातील? … नाई जात. मी फाटकाले कडी लावली.

हस. हस तू.

उठवाचा प्रयत्न त्यांनी पुष्कळ केला, तेही सांगतलं का तुले? आधी म्हणाले, ताई, चहा भेटेल का. मी थर्मास पुढं केला. … हाव, भरूनच ठेवला होता खुर्चीखाली. तूच तर सांगतलं होतं मागं, गिऱ्हाईक फारच बसून राह्यलं की हे चहा मागतात, तो उकळेपर्यंत यांचं काम आटोपते. … मग सांगाचं नाई ना मले. … मग जुनं फडकं मागितलं. तेही होतं. टॉर्च होता. मग म्हणतात, बाळ रडून राह्यलं वाटते आत. म्हटलं भाऊ, आमचा रजत शेजारी कमलाकाकूंकडं आहे, ते इथं ऐकू येत नाई. चांगले आहेत बिचारे, हसले गालातल्या गालात.

…काऊन म्हणजे? काऊन बसली मी, हे विचारते तू?

थांब. आवाज बारीक करते. … नाई, उठली नाई, खुर्ची थोडी फिरवली फक्त. दिसतात मले ते.

मागच्या आठवड्यातली गोष्ट. रजतले अंघोळ घातली, अंग पुसाच्या आधीच पळाला अंगणात. ओलाच. आणि कूलरजवळ गेला न् एकदम खाली बसला. रडला नाई, आकांक्षा. हे पोरगं गुडघा खरचटला तरी गल्ली गोळा करते. ते गप. पांढरं पडलं. मी धावत गेली तर हात पुढं करून म्हणते, "चावलं."

हाव ना.

सासूबाईंनी पुरं अंगण झाडून काढलं. मुंग्या पाह्यल्या, विंचू पाह्यला, कूलरखालच्या विटा उचलून पाह्यल्या. हाताले हळद लावली. हातावर काहीच नाई, डंखही नाई. सगळे म्हणाले, घाबरलं असेल. दुसऱ्या दिवशी त्याले कडेवर घेऊन मी तिकडून चालली, तर माझ्या मानेत तोंड खुपसलं न् म्हणते, "कूलर चावते."

…दोन वर्षांचं लेकरू. त्याले शॉक हा शब्द कुठून माहीत असणार. चावणं माहीत आहे, ते सांगतलं.

मग कूलरले टेस्टर लावला ना मी. पेटला. बारीक, पण पेटला.

रात्री योगेंद्र घरी आला, तर नवरा म्हणून त्यालेच आधी सांगतलं. तो म्हणते, थोडाबहुत करंट सगळ्याच कूलरले राह्यते, चप्पल घालून पाणी भरत जा. रजतले कोणती चप्पल घालू मी, रात्रंदिवस? आणि सासूबाई म्हणाल्या, प्लग उलटा लागला असेल. … तुमच्याकडंही आहे का हे? उलटा-सुलटा? … आहेच म्हणा सगळीकडं. आमच्या प्लगवर तर लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. ठिपका वर पाह्यजे. वर असला तर करंट लागत नाई, खाली गेला तर लागते. पुऱ्या घराले पाठ आहे. पाहुणे आले की पाण्याच्या आधी ठिपका सांगतात. मी लग्न होऊन आली तेव्हापासून ठिपका वर पाहूनच प्लग लावते.

आणि त्या दिवशी ठिपका वरच होता.

…

हं. म्हणून बसून आहे.

…काय भाऊ? … नाई नाई, तुमचं चालू द्या. आकांक्षाच आहे फोनवर. … हाव, खुशाल आहे. … काही नाई, स्क्रू कुठं ठेवला विचारत होते. मी दाखवला. पाह्य, बसण्याचा फायदाही आहे.

तर ऐक. पंप जळकाच निघाला. त्याची वायर सोललेली, अन् सोललेली जागा बरोब्बर पाण्यात. ते पाहून तुझ्या नवऱ्याच्याच तोंडातून "बापरे" निघालं. नवा पंप त्यांनी इतका छान बसवला, जोड पाण्याच्या वर घेतला, वरून टोपी लावली. माझ्या मनात आलं, आता उठावं बाप्पा, उगाच या माणसाच्या मागं लागली. खरंच उठणार होती. तेवढ्यात त्यांनी मेनची नवी केबल काढली. तीन वायरची. लाल, काळी अन् अर्थिंगची हिरवी. आणि माझ्या डोळ्यांसमोर हिरवी बुडातून कापली, वर टेप गुंडाळली, अन् दोन पिनांचा प्लग हातात घेतला.

तेव्हा मी बोलली ते एक वाक्य. "भाऊ, हिरवी कापू नका."

त्यावर ते पकड आणाले गेले.

…"सगळेच कापतात." हाव, तेही हेच म्हणाले परत येऊन. ते खोटं नाई बोलत. सगळेच कापतात. मी काही विचाराच्या आधी आपणच म्हणाले, ताई, हिरवी लावली की लोकांच्या घरची मेन पडते. पुऱ्या घराची लाइट जाते. मग गिऱ्हाईक फोन करते, तुम्ही कूलर बिघडवून गेले, आत्ताच्या आत्ता या. भर दुपारी जा लागते, वरून बोलणे खा लागते. कापून दिली की फोन येत नाई, सगळे खुश.

मले त्यांचं पटत नाई, पण समजते. लाइट गेली की लोकांना दिसते. करंट कोणाले दिसते.

पण तूच सांग, तुलेही फिजिक्स होतं. मेन पडते म्हणजे काय? कूलरच्या पत्र्यात करंट उतरला, तो हिरवीतून जमिनीत चालला, म्हणून मेन पडते. ती पडली म्हणजे आपल्याले सांगून राह्यली, हात लावू नको. तिलेच कापलं तर सांगणार कोण? … रजतनं सांगतलं, एवढंच.

…नाई, तुझ्या नवऱ्याले मी दोष…

काय म्हणाली?

तुमच्याकडं पडत होती? मेन? … कधी? … होळी झाल्यावर, कूलर काढला तेव्हा. रोज? … मग? … अंकितभाऊंनी एका मिनिटात ठीक केली.

काय केलं त्यांनी, पाह्यलं का तू?

…नाई ना. घरचा मिस्त्री. त्याच्यासमोर कोण बसते.

आकांक्षा.

तुझी रुचू कुठं आहे? … कूलरसमोर. काय करून राह्यली? … जाळीले तोंड लावून "आ… आ…" करते. आवाज थरथरतो म्हणून. हाव, रजतही करते. … फरशी ओली आहे का तिथं?

ऐक. मी घाबरवून नाई राह्यली. तू फक्त जाऊन प्लग पाह्य. हात नको लावू कशाले. पिना किती आहेत तेवढं पाह्य. … जा ना. मी आहे फोनवर.

…

…

दोन.

हं.

अगं नाई, नाई, रडू नको. काही झालं नाई ना? झालं का काही? … नाई ना. मग. आधी रुचूले उचल. उचल न् पलंगावर ठेव. … ती रडते तर रडू दे. … ठेवली? आता चप्पल घाल, हात पदराले पूस. … ओढणीले पूस मग. आणि भिंतीवरचं बटन बंद कर. प्लगले सध्या हात नको, बटन फक्त. कूलरले खेटून नको जाऊ, पलंगाच्या बाजूनं जा.

झाला बंद? … हं. आता तुझा आवाज साफ येऊन राह्यला.

श्वास घे. … हाव, हाव. मीही अशीच बसली होती त्या दिवशी, रजतचा हात हातात घेऊन. काही सुचत नाई.

…त्यांना देऊ फोन? … तूच बोलते? बरं. अंकितभाऊ… भाऊ, घ्या जरा. आकांक्षा आहे. … नाई, तक्रार नाई. तुमच्या घरचं आहे. घ्या.

…

…

हॅलो? हां, मीच. फोन परत दिला त्यांनी.

काय बोलली वं तू? पूर्ण वेळ नुसते "हो… हो…" करत होते. एकदा विचारलं, "ती कुठं आहे?" बस. मग ओल्या फरशीवरच बसून गेले. मी पाणी दिलं. पिले नाईत, हातात धरून राह्यले. मग मले म्हणतात, "ताई, घरी मेन रोज पडत होती, तर मीच हिरवी कापली. गिऱ्हाइकाची कापतो तशीच."

मी त्यांच्या हातातला ग्लास काढून बाजूले ठेवला.

…मग उठले. म्हणाले, तुमचं काम आज अर्धं राहील, चालेल का. मी म्हटलं जा. … हाव, मीच म्हटलं. आणि आमच्यासाठी आणलेली ती केबल होती ना, उरलेली, तीही न्या म्हटलं, दुकानात जाण्यात वेळ नका घालवू. तीन पिनांचा प्लग मी आणूनच ठेवला होता, तोही दिला. फाटकाची कडी काढली. … आत्ताच गेले. हेल्मेट इथंच विसरले.

रजतचं काय म्हणते? त्याचं होईल. आज दुपारी कमलाकाकूंकडं झोपवते, त्यांच्याकडं छताचा पंखा आहे. घामोळं येईल थोडं, तर पावडर लावीन. सासूबाई बोलतील, अंगणात पसारा पडून आहे, मिस्त्रीले जाऊ काऊन दिलं. बोलू दे. उद्या सकाळी येतो म्हणाले आहेत. येतील. मले माहीत आहे येतील.

आणि ऐकजो, ते घरी आले की भांडू नको. त्यांचं तोंड पाह्यलं मी. त्यांना जे बोलाचं ते त्यांनी स्वतःलेच बोलून घेतलं आहे रस्त्यानं. तू फक्त समोर राहा. केबल बदलतील, तेव्हा उभी राहा. हिरवी कुठं जाते ते पाह्य, पंपाची वायर पाह्य. समजलं नाई तर विचार. ते चिडले तर चिडू दे. आणि नंतर मेन पडली, तर लाइट गेली म्हणून बोंबलू नको. पुन्हा उघडा म्हण. पडणं बंद होईल तेव्हाच कूलर लाव.

…गरम होते तर होऊ दे. एक दिवस. रुचूचे कपडे काढ, ओल्या फडक्यानं पूस. खिडकी उघड. पण कोणीही म्हटलं, सासूनं म्हटलं, तरी तोवर बटन लावाचं नाई. समजलं ना?

आणखी एक. बटन बंद आहे ना नक्की? … हात सुकले? … मग आता प्लग काढून टाक. रुचूनं बटन दाबलं तर. … पिनांना बोट नको लागू देऊ, मागून प्लास्टिकले धर आणि सरळ ओढ. मी थांबली आहे.

…

निघाला?

दोन्ही पिना बाहेर?

बरं. मग मी ठेवते.